पिंजऱ्याशेजारी दुसरा पिंजरा

घरात एकच कॉकाटील असला आणि माणसं सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतणारी असली, की आज ना उद्या विषय निघतोच: बिचारा दिवसभर एकटा असतो, त्याला जोडीदार आणूया का? विचार मायेतून आलेला असतो आणि तो चुकीचाही नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात कॉकाटील थव्याने राहतात, गवताचं बी आणि पाणी शोधत थव्यानेच भटकतात. एकटा पडलेला पक्षी तिथे ससाण्याला आयताच सापडतो. त्यामुळे सोबत्याचा आवाज कानावर पडत राहणं ही त्याच्या लेखी जिवाच्या सुरक्षिततेची खूण असते. आपण आतल्या खोलीत गेलो की तो ज्या चढ्या शिट्ट्या मारतो त्याला आपण हट्ट म्हणतो, पण तो खरं तर थव्यातल्या सोबत्याचा ठाव घेत असतो. आतूनच शीळ घालून उत्तर दिलं तर बहुतेक वेळा तो गप्प होतो.

एकटेपणाचा पोपटांवर काय परिणाम होतो, हे शास्त्रज्ञांनी मोजूनही पाहिलं आहे. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची आवरणं असतात, ती वयानुसार आखूड होत जातात आणि सततच्या ताणाने आणखी लवकर झिजतात. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी पाळीव आफ्रिकन ग्रे पोपटांच्या रक्तातले टेलोमिअर तपासले आणि 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकट्याने ठेवलेल्या नऊ वर्षांच्या पोपटांचे टेलोमिअर, जोडीने राहणाऱ्या आणि त्यांच्याहून 23 वर्षांनी मोठ्या असलेल्या पोपटांइतके झिजलेले होते. त्याआधी 2003 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात कोवळ्या वयाच्या ॲमेझॉन पोपटांवर एक प्रयोग झाला होता. काही पोपट एकेकटे ठेवले, काही समलिंगी जोड्यांनी. जोडीतले पक्षी कमी किंचाळले, पिंजऱ्यात जास्त हिंडले-खेळले, आणि त्याच त्याच हालचाली यंत्रासारख्या करत राहण्याची सवय त्यांना लागली नाही. पाळणाऱ्यांना धीर देणारी गोष्ट पुढेच आहे. जोडीत राहूनही हे पोपट ओळखीच्या माणसांपासून दुरावले नाहीत, आणि अनोळखी माणसांना तर ते एकट्या पोपटांपेक्षा कमी घाबरले. ‘दुसरा आणला की पहिला आपल्याला विचारत नाही’ ही सर्रास ऐकू येणारी भीती त्यामुळे बरीच सैल व्हायला हरकत नाही. दुसरा आल्यावर पक्षी आपापसात जास्त बोलतात हे खरं, पण शिकलेले शब्द आणि शिट्ट्या सहसा विसरत नाहीत.

इतकं सगळं जोडीच्या बाजूने असूनही, दुकानात जाऊन दुसरा पक्षी आणून थेट पिंजऱ्यात सोडण्याइतकं हे सोपं नाही. पोपट निवडीने जोडी जमवतात. रानात शेकडो पक्ष्यांतून एक निवडायची मुभा असते, आपण मात्र एकच उमेदवार समोर ठेवतो आणि त्याच्याशी जमलंच पाहिजे अशी अपेक्षा करतो. त्यात आपल्याकडचे बहुतेक कॉकाटील आणि कॉन्यूर पिल्लू असतानाच आईबापांपासून काढून सिरिंजने भरवून वाढवलेले असतात. डोळे उघडल्यापासून त्यांनी माणूसच पाहिलेला असतो. ऐंशीच्या दशकात याच डेव्हिसमध्ये हातावर वाढवलेल्या कॉकाटीलांचा अभ्यास झाला, तेव्हा असे नर असलेल्या जोड्या घरट्याच्या पेटीकडे फारशा फिरकल्या नाहीत, आणि हातावर वाढलेल्या माद्यांनी अनेकदा पेटी सोडून खाली जमिनीवर अंडी घातली. बालपण असं गेलेल्या पक्ष्याला समोरचा पक्षी ‘आपल्यातला’ वाटायला वेळ लागतो, आणि काहींना तो कधीच वाटत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोन पक्षी दोन वेगळ्या पिंजऱ्यांत आयुष्यभर सांभाळायची तयारी असेल तरच दुसरा आणावा. जमलं तर आनंदच. नाही जमलं तरी दोघांचं भलं करणं आपल्या हातात राहिलं पाहिजे. कॉकाटील नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं सहज जगतो, आफ्रिकन ग्रे चाळीसच्याही पुढे जातो. ‘बघू, नाही पटलं तर देऊन टाकू’ या हिशेबात त्या आलेल्या जिवाचा कुणी विचारच केलेला नसतो. पहिला पक्षी पिसं उपटत असेल, सुकत चालला असेल, तर त्यावर औषध म्हणूनही दुसरा आणू नये. आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जावं. पिसं उपटण्यामागे यकृताचा आजार, जंतुसंसर्ग, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पोसल्याने झालेलं कुपोषण असं काहीही असू शकतं. आजारी घरात नव्याला आणून दोघांचंही नुकसान होतं.

कोणता पक्षी आणायचा, याचं एक उत्तर कायद्यानेच देऊन ठेवलं आहे. आपला हिरवा, गळ्याला लाल-काळा कंठ असलेला पोपट, तसेच करण पोपट, तोता हे सगळे देशी पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना पकडणं, विकणं आणि पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. गावोगावच्या ओसऱ्यांवर अजून ‘मिठू’ दिसतात हे खरं, पण रानातल्या ढोलीतून काढलेल्या अशा एका पिल्लामागे वाटेत मेलेली बाकीची पिल्लं असतात. असा मिठू आधीच घरात असेल तर त्याला खिडकीतून सोडून देणं हीसुद्धा क्रूरताच ठरते, कारण त्याला ना अन्न शोधता येतं ना घार ओळखता येते. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करून त्याचं रीतसर पुनर्वसन करणं योग्य. परदेशी पक्ष्यांपैकी सन कॉन्यूर, ग्रीन-चीक कॉन्यूर, आफ्रिकन ग्रे वगैरे आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या याद्यांत आहेत, आणि 2024 च्या केंद्रीय नियमांनुसार अशा पक्ष्यांची परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते. बजरीगर, कॉकाटील आणि पीच-फेस्ड लव्हबर्ड हे त्या याद्यांमध्ये नाहीत.

जात शक्यतो तीच घ्यावी. कॉकाटीलला कॉकाटीलची भाषा कळते. ‘दोघंही पोपटच ना’ म्हणून केलेल्या जोड्या अंगाशी येतात. बजरीगर आणि लव्हबर्ड दिसायला थोडेफार सारखे, आपल्याकडे तर दुकानदार बजरीगरलाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. पण खरा, आफ्रिकेतला लव्हबर्ड अंगाने जाड, चोचीने ताकदवान आणि जागेबाबत अतिशय हट्टी असतो. त्याच्या पिंजऱ्यावर उतरलेल्या बजरीगरची बोटं तो सहज तोडतो. कॉन्यूर आणि कॉकाटील हीसुद्धा विषम जोडीच: कॉकाटील मवाळ, कॉन्यूर दांडगा. ग्रेसारख्या मोठ्या पोपटाजवळ तर छोटा पक्षी क्षणभरही मोकळा सोडू नये. एका चाव्यात जीव जातो.

नर की मादी हेही पाहावं लागतं. बजरीगरमध्ये चोचीच्या वरची मांसल पट्टी मोठ्या नरात निळी आणि मादीत तपकिरी किंवा फिकट असते, पण अल्बिनोसारख्या काही रंगांच्या नरांत ती गुलाबीच राहते. राखाडी कॉकाटीलमध्ये वयात आलेल्या नराचा चेहरा पिवळाधमक होतो, मादीच्या शेपटीखाली आडवे पट्टे राहतात. पांढऱ्या-पिवळ्या लुटिनो रंगात हे ओळखणं अवघड, तिथे उपटलेल्या पिसावरून किंवा रक्ताच्या थेंबावरून डीएनए चाचणी करून घ्यावी. दोन नर बहुतेक वेळा गुण्यागोविंदाने राहतात. बजरीगर आणि लव्हबर्डच्या दोन माद्या मात्र एकमेकींच्या जिवावर उठू शकतात. नर-मादी एकत्र आले की अंड्यांचा विषय येतोच, त्याबद्दल पुढे.

आता सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग. नवा पक्षी घरात आला की किमान तीस दिवस, आणि जमलं तर पंचेचाळीस दिवस, तो पहिल्यापासून पूर्ण वेगळा ठेवायचा. हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलेला पिंजरा वेगळा धरत नाहीत. दार बंद होणारी खोली हवी, कारण रोग हवेतून आणि पिसांच्या कोंड्यातून पसरतात. कॉकाटील तर अंगातून पांढरी पूड झाडतच असतो, सकाळी काळ्या शर्टावर बसवा म्हणजे दिसते. चोच आणि पिसांचा विषाणूजन्य रोग, ज्याला पक्षीवैद्य पीबीएफडी म्हणतात, याच कोंड्यातून पसरतो. त्याचा विषाणू घरात दीर्घकाळ टिकतो आणि त्यावर औषध नाही. दुसरा पाहुणा म्हणजे क्लॅमिडिया सिटासी हा जिवाणू. त्याच्यामुळे होणारा सिटॅकोसिस माणसालाही होतो. 1929-30 च्या हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतून जहाजांनी गेलेल्या पोपटांबरोबर हा आजार अमेरिकेत आणि युरोपात पोहोचला होता, आणि माणसं दगावली होती. आज त्यावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालतं, पण आधी निदान व्हायला हवं. घरात पक्षी असताना कुणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला झाला तर डॉक्टरांना पक्ष्याबद्दल आवर्जून सांगावं, कारण ते आपण होऊन तसं विचारतीलच असं नाही.

रोग लपवणं हा पोपटांचा स्वभाव आहे. रानात आजारी दिसणारा पक्षी आधी उचलला जातो, म्हणून तो शेवटपर्यंत तगून असल्यासारखा दिसतो. दुकानात टवटवीत दिसणारा पक्षी आतून पोखरलेला असू शकतो आणि प्रवासाचा, जागाबदलाचा ताण आला की दोन-तीन आठवड्यांत आजार वर येतो. म्हणून या काळात एका छोट्या डिजिटल वजनकाट्याइतकं उपयोगी काही नाही. रोज सकाळी पहिली शी झाल्यावर, खाण्याआधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. कॉकाटील साधारण 80 ते 100 ग्रॅमचा. त्याचं आठ-दहा ग्रॅम वजन कमी होणं म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा गेला, आणि तो पिसांखाली डोळ्यांना दिसत नाही. दिवसाढवळ्या पिसं फुलवून दोन्ही पायांवर पेंगत बसणं, श्वासाबरोबर शेपूट खालीवर हलणं, शीचा रंग बदलणं, ढुंगणाची पिसं चिकटणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. याच मुदतीत डॉक्टरांकडून क्लॅमिडिया, पीबीएफडी आणि पॉलिओमा विषाणू यांच्या पीसीआर चाचण्या करून घ्याव्यात. विक्रेत्याने ‘एकदम हेल्दी’ म्हटलं, यावर विसंबू नये.

रोजच्या कामाचा क्रम ठरलेला हवा. आधी जुन्याचं पाणी, राळे, भाजी आणि साफसफाई, मग नव्याचं. नव्याकडून आल्यावर साबणाने हात धुवायचे, शर्ट बदलायचा. भांडी, दांड्या, झाडण्याचा ब्रश, काहीही इकडचं तिकडे न्यायचं नाही. वन बीएचकेत राहणाऱ्यांची इथे खरी पंचाईत होते. मग कुणी पिंजरा स्वयंपाकघरात ठेवतं, कुणी बाथरूममध्ये, कुणी बाल्कनीत. स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो, आपल्याला वासही येत नाही. बाथरूममध्ये फिनेल आणि ॲसिडची वाफ. बाल्कनीत कावळे, मांजरी, रात्री उंदीर. त्यापेक्षा पक्षी नसलेल्या एखाद्या नातेवाइकाकडे महिनाभर नव्याची सोय करावी, रोज संध्याकाळी जाऊन त्याच्याशी बोलावं. त्याची माणसाशी ओळखही तेवढ्या वेळात होते. दिवाळीच्या आसपास मात्र नवा पक्षी आणूच नये. फटाक्यांच्या आवाजाने कॉकाटील अंधारात पिंजऱ्यावर आदळत सुटतात आणि पंख मोडून घेतात. एरवीही पहिले काही दिवस रात्री छोटा झिरोचा दिवा चालू ठेवावा.

मुदत संपली, चाचण्या नीट आल्या की मग एकाच खोलीत, पण समोरासमोरच्या भिंतींशी दोन पिंजरे. इथून पुढे घाई करणारा आपणच असतो, पक्षी नाही. पाहायचं काय, तर तुरा. कॉकाटीलचा तुरा किंचित मागे कललेला असला की तो निवांत आहे. सरळ ताठ उभा राहिला तर चमकला किंवा सावध झाला. डोक्याला चपटा चिकटवून, मान पुढे काढून फुसफुस केली तर घाबरलाय आणि चावायची तयारी आहे. नव्याकडे बघून जुन्याचा तुरा चपटा होत असेल तर पिंजरा आणखी दूर. तो मागे कलून बसायला लागला की एक हात जवळ. अशा हातहात अंतराने दोन आठवडे लागतील, कधी दोन महिनेही. पिंजरे अगदी चिकटवून ठेवू नयेत, निदान फूटभर अंतर राहू द्यावं. पोपट पिंजऱ्याच्या गजांना पायांच्या बोटांनी धरून चढतात, आणि पलीकडच्याला ती चार बोटंच आधी सापडतात.

एक खूण मला सगळ्यांत विश्वासाची वाटते. सकाळी दोघांना एकाच वेळी मक्याचं कणीस द्यावं आणि बाजूला होऊन बघावं. सुरुवातीला एक खातो तेव्हा दुसरा दांडीवर ताठ बसून पहारा करतो. काही दिवसांनी दुसराही दोन दाणे घेतो, मध्येच मान वर करून पलीकडे बघतो, पुन्हा खातो. मग कधीतरी दोघं एकाच वेळी कणसात चोच खुपसून बसलेले दिसतात, दाण्यांची टरफलं दोन्ही पिंजऱ्यांखाली पडत असतात आणि कुणी मान वर करत नाही. थव्यात पक्षी एकत्र खातात ते असं बेफिकीर झाल्यावरच. दोघं एकाच वेळी पिसं साफ करू लागले, दुपारी एकमेकांच्या दिशेने तोंड करून झोपू लागले, चोच कुरकुर घासू लागले, की पुढची पायरी घ्यायला हरकत नाही. बजरीगरमध्ये तर आवाजावरूनही कळतं. जोडी जमत गेली की नर काही आठवड्यांत आपली साद मादीच्या सादेसारखी करून घेतो, असं 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं होतं.

पहिली प्रत्यक्ष भेट पिंजऱ्याबाहेर, आणि दोघांपैकी कुणाचीही मालकी नसलेल्या जागी व्हावी. जुन्याच्या पिंजऱ्याच्या छतावर कधीच नाही. कधी न गेलेल्या खोलीतला पलंग किंवा टेबल चांगलं. पंखा बंद, आरसे झाकलेले, खिडक्या लावलेल्या. पसरून ठेवलेले दाणे, दोन वाट्या, दोन दांड्या. एकाच वस्तूवरून भांडण लागायची वेळ येऊ द्यायची नाही. दहा मिनिटं पुरे. थोडी फुसफुस, चोच उघडून दाखवणं, एकाने दुसऱ्याला जागेवरून हुसकणं हे चालायचंच. प्रत्येक वेळी मध्ये पडलं तर त्यांना आपापसातल्या हद्दी ठरवता येत नाहीत. पण एक सतत पाठलाग करतोय आणि दुसऱ्याला बसायला जागाच मिळत नाही, किंवा चोच पायाकडे, डोळ्याकडे जाते आहे, असं दिसलं की दोघांमध्ये टॉवेल टाकून वेगळं करायचं. उघडा हात मध्ये घालू नये, त्या क्षणी ओळखीचा पक्षीही कडकडून चावतो. या सगळ्या काळात जुन्याचा मान जुन्याला द्यावा. सकाळी पिंजऱ्यावरचं कापड आधी त्याचं काढायचं, पहिला खाऊ त्याला, खांद्यावर बसायचा वेळ त्याचा तेवढाच. नवा गोड आहे म्हणून सगळं घर त्याच्याभोवती जमलं तर जुना त्याचा राग नव्यावरच काढतो.

दोघं बाहेर तासन्‌तास नीट राहू लागले तरच एक पिंजरा, आणि तोही नवा, मोठा, उंचीपेक्षा रुंदीला जास्त. नव्याला जुन्याच्या पिंजऱ्यात ढकललं तर तो घुसखोर ठरतो. जुना पिंजरा मात्र टाकू नये. आजारपणात लागतोच.

पिंजऱ्यासोबत आपल्याकडे दुकानदार हमखास एक मडकं गळ्यात मारतात. ते घेऊ नये. मडकं, पेटी, अंधारा कोपरा दिसला की मादीला विणीचे दिवस आल्यासारखं वाटतं, शांत जोडी एका आठवड्यात आक्रमक होते, आणि मादी एकामागून एक अंडी घालून शरीरातलं कॅल्शियम संपवते. अंडं आत अडकून मादी दगावणं हे छोट्या पोपटांत नेहमीचं आहे. रात्रीचा बारा तासांचा अंधार, मऊ उकडलेल्या खाण्यात कपात आणि पाठीवरून हात न फिरवणं एवढ्याने बऱ्याचदा विणीची ऊर्मी शमते. तरीही अंडी घातलीच तर ती लगेच काढून टाकू नयेत, मादी भरपाई म्हणून आणखी घालते. उकळून गार करून किंवा प्लास्टिकची अंडी बदलून तिथेच ठेवावीत. कॉकाटीलमध्ये दिवसा नर आणि रात्री मादी आळीपाळीने बसतात. तीन आठवड्यांनी काही होत नाही म्हटल्यावर दोघंही उठून जातात.

आणि नाहीच जमलं तर? अशी घरं खूप आहेत आणि तिथले पक्षी दुःखी नसतात. दोन पिंजरे एकमेकांना दिसतील असे, सकाळी एकाला बाहेर सोडायचं, संध्याकाळी दुसऱ्याला, बाहेरच्याने आतल्याच्या पिंजऱ्यावर उतरू नये म्हणून वर जाड कापड. एकाने शीळ घातली की दुसरा उत्तर देतो, दुपारच्या रिकाम्या घरातही. पुन्हा ओळख करून पाहायची असेल तर ती विणीचा भर ओसरल्यावर करावी, आणि पहिल्या वेळेसारखीच खोलीच्या दोन टोकांपासून सुरू करावी.